एकच मेल तीनदा

आमच्या सॉफ्टवेअरमधून पैसे भरल्याची पावती मेलने जाते. एकदा एका ग्राहकाचं पत्र आलं: एकाच पावतीचे तीन मेल आलेत, माझे पैसे तीनदा कापले की काय? पैसे एकदाच कापले होते. मेल मात्र खरोखर तीनदा गेला होता, आणि आमच्या लॉगमध्ये तीनही वेळा लिहिलं होतं, 'पाठवता आला नाही'.

मेल पाठवणारा तो भाग मीच लिहिलेला. पुढे तो आणखी चार प्रकल्पांत जसाच्या तसा उचलला गेला. घाईत टाकलेल्या माझ्या डिफॉल्ट सेटिंग्ज कुठेही कोणी बदलल्या नव्हत्या. बदलतील तरी कशाला? सर्व्हरचं नाव, युजर, पासवर्ड भरला की मेल जातो. उरलेल्या रकान्यांकडे कोण बघतं? दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी तरी कुठे बघतो!

घोळ टाइमआउटचा, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची त्या मर्यादेचा होता, आणि तोही माझ्याच एका दुरुस्तीतून आलेला. आधी मी टाइमआउट ठेवलाच नव्हता. मेलचा सर्व्हर गप्प बसला की आमचा प्रोग्रामही त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा, आणि नोंदणीचं बटण दाबलेला माणूस फिरणारं चक्र बघत. त्यावर उपाय म्हणून मी सगळीकडे सरसकट दहा सेकंद ठोकून दिले. पान अडकणं थांबलं, मी खूश.

आता एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या ठरलेल्या भाषेतलं संभाषण कसं चालतं ते बघा. आपण नमस्कार करतो, पाठवणारा कोण, घेणारा कोण ते सांगतो, मग 'डेटा' म्हणतो. सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे 'ओता'. आपण अख्खा मजकूर ओततो आणि शेवटच्या ओळीवर नुसतं एक टिंब देतो. त्या टिंबावर सर्व्हरने २५० म्हटलं की मेल त्याच्या पदरात पडला. पण २५० म्हणण्याआधी बरेच सर्व्हर मेल तपासतात, व्हायरस बघतात, स्पॅम बघतात. त्या दिवशी समोरच्याला बारा-पंधरा सेकंद लागत होते. आम्ही दहाव्या सेकंदाला फोन आपटायचो. त्याने मेल घेतलेला असायचा, आम्हाला ते कळलेलं नसायचं, म्हणून आम्ही पुन्हा पाठवायचो. तीन प्रयत्नांची मर्यादा होती म्हणून तीनवर निभावलं.

मग आरएफसी ५३२१ नीट वाचायला बसलो. आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं याचे क्रमांक दिलेले कागद, आणि हा एसएमटीपीचा. त्यात प्रत्येक पायरीला वेगळी वेळ दिलेली आहे: सुरुवातीच्या उत्तरासाठी ५ मिनिटं, 'डेटा'च्या उत्तरासाठी २, मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी ३, आणि शेवटच्या टिंबानंतर १०. हे दहा मिनिटांचं कलम मी पूर्वी पाहिलं होतं आणि जुन्या, संथ जाळ्याच्या काळातलं म्हणून सोडून दिलं होतं. प्रत्यक्षात कारण तिथेच लिहिलंय: इथे घाई केली तर एकाच मेलच्या अनेक प्रती जातात. नेमक्या याच दुखण्यावर १९८८ साली आरएफसी १०४७ नावाचा एक स्वतंत्र कागद निघालेला आहे. म्हणजे माझी चूकसुद्धा माझी स्वतःची नव्हती.

आता जोडणी व्हायला तीस सेकंद देतो. तिथे घाई केली तरी काही बिघडत नाही, कारण अजून काहीच दिलेलं नसतं. टिंबानंतर मात्र पूर्ण दहा मिनिटं. पण दहा मिनिटं कोणी पान उघडून थांबणार नाही, त्यामुळे थेट पाठवणं बंद करून मेल रांगेत टाकणं हेच डिफॉल्ट झालं. मेसेज-आयडी, म्हणजे मेलचा ओळखक्रमांक, तोही रांगेत टाकतानाच ठरवतो. पूर्वी प्रत्येक प्रयत्नाला नवा तयार व्हायचा, त्यामुळे या तिन्ही पावत्या एकच आहेत हे समोर कोणाला ओळखणंच शक्य नव्हतं.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा, हाही मी अंदाजाने ठरवलेला प्रकार: लगेच, लगेच आणि लगेच. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ४५१ देऊन परत धाडतात, 'थोड्या वेळाने या' म्हणून. आम्ही तीन सेकंदांत तीनदा दार वाजवून हार मानायचो. चारने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, पाचने सुरू होणारा म्हणजे येऊच नका, एवढा भेद आता आमचा प्रोग्राम पाळतो. प्रयत्नांमध्ये साधारण अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवसांनी नाद सोडावा, असं आरएफसी म्हणते. पावतीला ते ठीक आहे, पण दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी चौथ्या दिवशी पोचवून काय उपयोग? म्हणून प्रत्येक मेलला आयुष्य ठरवलं. ५३५ आला, म्हणजे पासवर्डच चुकला, तर अख्खी रांग थांबते. नाहीतर हजार मेल हजारदा चुकीचा पासवर्ड देत बसतात आणि खातं बंद पडतं.

टाइमआउटमुळे झाकण उघडलं आणि बाकीचंही दिसायला लागलं. एन्क्रिप्शनची सेटिंग होती 'जमलं तर'. ऐकायला समंजस वाटतं. पण स्टार्टटीएलएस या पद्धतीत आधी उघड्यावर बोलणं सुरू होतं, आणि सर्व्हर म्हणतो की मला गुप्त बोलता येतं. मध्ये बसलेल्या कोणी तेवढी एक ओळ गाळली, की आम्ही बिनदिक्कत पासवर्ड उघडा पाठवणार. आता 'जमलंच पाहिजे', नाहीतर थांब. पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर शिरायचं दार, डिफॉल्टने ४६५, जिथे पहिल्या अक्षरापासून टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, असतं. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ची शिफारसही तीच आहे. ५८७ निवडता येतो. २५ हा सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्याचा, आपल्यासारख्यांनी तिकडे जाऊच नये. समोरचा सर्व्हर खरा आहे हे दाखवणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी तर कोडमध्ये बंदच होती आणि शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं, नंतर काढणे'.

पाठवणाऱ्याचा पत्ता न भरल्यास लोकलहोस्टवरचा, म्हणजे त्याच मशीनच्या नावाचा, एक पत्ता आपोआप लागायचा. तो डिफॉल्ट काढूनच टाकला. मेल बनावट नाही ना हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पद्धती पाठवणाऱ्याच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर चालतात, आणि ते डोमेन मी कसं ठरवणार? पत्ता नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. संपर्काच्या फॉर्ममध्ये लिहिणाऱ्याचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये जायचा, तो 'रिप्लाय-टू'त हलवला. आपोआप जाणाऱ्या मेलवर 'ऑटो-सबमिटेड' हेडर लावलं, म्हणजे कोणाच्या 'मी रजेवर आहे'शी आमची पोचपावती रात्रभर गप्पा मारत नाही.

एक चूक मात्र खास आपल्या लिपीची. विषयाच्या ओळीत देवनागरी असेल तर ती ७५ अक्षरांपर्यंतच्या सांकेतिक तुकड्यांत जाते. बेस६४ ही संकेतपद्धत वापरली तर एका तुकड्यात मजकुराचे ४५ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटीसुद्धा, ३ बाइट खातं. मोकळी जागा एकच. मी सरळ ४५ वर कात्री चालवत होतो. 'पैसे मिळाल्याची पावती' यात पावतीच्या आधीच्या मोकळ्या जागेपर्यंत ४४ बाइट होतात. म्हणजे 'प'चा एक बाइट अलीकडे, दोन पलीकडे. काही ठिकाणी लोकांना 'पैसे मिळाल्याची' आणि पुढे प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसत होते. नियमात स्पष्ट आहे की अक्षर दोन तुकड्यांत फोडू नये. इंग्रजी विषयावर चाचणी घेतली तर हे जन्मात सापडत नाही.

शेवटचा बदल सगळ्यांना खटकला. नव्याने बसवलेलं सॉफ्टवेअर आता मेल पाठवतच नाही, फाइलमध्ये लिहून ठेवतं. पाठवणं मुद्दाम चालू करावं लागतं. खऱ्या ग्राहकांच्या पत्त्यांची प्रत घेऊन चाचणी करणारा कोणीतरी प्रत्येक टीममध्ये असतोच. आमच्यात तो मी होतो.

नवी आवृत्ती दिल्यावर दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याचा फोन. "अरे, तुझं नवीन आलं आणि आमचे मेल बंद! कालपर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं." म्हटलं, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाच. त्याने वाचलं. त्याच्या मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट संपून आठ महिने झाले होते.