लॉगिन एकदाच, लॉगआउट मात्र सगळ्यांचं

त्या सकाळी आमच्या ॲपच्या स्वयंचलित टेस्टचा (ब्राउझर आपोआप चालवून ॲप तपासणाऱ्या स्क्रिप्टचा) रिपोर्ट उघडला तर वरपासून खालपर्यंत लाल, म्हणजे नापास. ३८० टेस्ट लॉगिन करून पुढे जाणाऱ्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पडलेल्या. कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आधी ईमेल आणि पासवर्ड एकाच फॉर्मवर होते. नव्या रिलीजमध्ये आधी ईमेल, मग ‘पुढे’, मग पासवर्ड असे दोन टप्पे झाले होते. बदल चांगलाच होता. आमच्याकडे मात्र लॉगिनच्या त्याच चार ओळी प्रत्येक फाइलमध्ये चिकटवलेल्या होत्या, आणि त्या चिकटवणाऱ्यांत मीही होते.

फाइल फाइल दुरुस्त करत बसायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. दुपारपर्यंत एक हेल्पर, म्हणजे सगळ्या टेस्टनी वापरायचं लॉगिनचं एकच फंक्शन, लिहून झाला. त्याला फक्त भूमिका सांगायची, ग्राहक की अ‍ॅडमिन, बाकीचं तो बघतो. पासवर्ड कोडमध्ये नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून येतो. रकाने सीएसएस क्लासवरून (पानाच्या सजावटीसाठी दिलेल्या नावांवरून) न शोधता त्यांच्या लेबलवरून शोधायचे, कारण क्लास डिझाइनबरोबर बदलत राहतात. आणि शेवटी, वर खातेदाराचं नाव दिसेपर्यंत हेल्परने परतायचंच नाही. दिसलं नाही तर ‘ग्राहकाचं लॉगिन झालं नाही’ असं स्पष्ट सांगून तिथेच थांबायचं. ही शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. ती नसेल तर लॉगिन फसूनही टेस्ट पुढे जाते, तीन पायऱ्यांनंतर ‘ऑर्डरचं बटण सापडलं नाही’ म्हणून पडते आणि आपण अर्धा दिवस ऑर्डरच्या कोडमध्ये चूक हुडकत बसतो.

मग वेळेकडे लक्ष गेलं. एका लॉगिनला साधारण चार सेकंद. ३८० वेळा म्हणजे सगळ्या वर्करचे (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रियांचे) मिळून पंचवीस मिनिटं नुसता दरवाजा उघडण्यात. आम्ही ब्राउझर टेस्टसाठी प्लेराइट हे साधन वापरतो. त्यात लॉगिननंतरची कुकी (ॲपला आपली ओळख पटवणारी, ब्राउझरने जपलेली खूण) आणि लोकल स्टोरेज (ब्राउझरमध्येच साठवलेला डेटा) ‘स्टोरेज स्टेट’ म्हणून फाइलमध्ये ठेवता येतं आणि प्रत्येक टेस्टचा नवा ब्राउझर कॉन्टेक्स्ट (बाकीच्यांपासून वेगळा ब्राउझर) त्यावरून सुरू करता येतो. सुरुवातीला दर भूमिकेसाठी एकदाच लॉगिन करायचं, पुढे सगळ्यांनी तीच फाइल वापरायची. त्या फाइलमध्ये चालू सेशनची (सर्व्हरने लक्षात ठेवलेल्या लॉगिनची) कुकी असते, म्हणून ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, जाणार नाही याची सोय आधी केली. माझ्या मशीनवर एका वर्करने सगळं चालवलं. सगळं हिरवं.

सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चार वर्कर लागले आणि टेस्ट पडायला लागल्या. एकदा तीन, मग सात, मग चार. दर वेळी वेगळ्याच. पडलेली टेस्ट एकटी चालवली की पास! सहकारी म्हणाला, “टाइमआउट वाढव, सर्व्हर हळू असेल.” वाढवला. काही फरक नाही. रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) लावली, तीही पडली.

शेवटी एका टेस्टचा ट्रेस (प्रत्येक पायरीची चित्रांसह नोंद) उघडून एकेक पाऊल बघत बसले. प्रोफाइलचं पान. पत्ता भरलेला, पिनकोड भरलेला, ‘जतन करा’ दाबलं, आणि पुढच्याच चित्रात लॉगिनचं पान. म्हणजे ॲप आम्हाला ओळखतच नव्हतं. सेशनची मुदत संपली म्हणावं, तर ती तीस मिनिटांची आणि आमचा रन सहा-सात मिनिटांचा.

रिपोर्ट फाइलच्या नावाने लावलेला होता, त्यामुळे लाल ठिपके इकडेतिकडे विखुरलेले दिसत होते. मी सगळ्या टेस्ट सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावून पाहिल्या आणि अंगावर काटाच आला. लाल सगळं रनच्या शेवटच्या मिनिटात. तेही फक्त ग्राहकाचं, अ‍ॅडमिनची एकही टेस्ट पडलेली नाही. आणि त्या लाल घोळक्याच्या अगदी आधी एक हिरवी टेस्ट: ‘बाहेर पडा दाबल्यावर लॉगिनचं पान दिसतं’.

ती पास होत होती म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. लॉगआउट झालं की आमचा सर्व्हर ते सेशन स्वतःकडून पुसून टाकतो, आणि तसंच व्हायला हवं. पण तीच कुकी बाकीच्या टेस्टच्या हातात होती. कुलूप बदललेलं आणि किल्ली जुनी. वर्णक्रमात लॉगआउटच्या टेस्टची फाइल सर्वांत शेवटी, म्हणून माझ्या मशीनवर तिच्यानंतर पडायला कुणी उरतच नव्हतं. सीआयवर मात्र त्या वेळी दुसऱ्या वर्करवर लांबलचक फाइल्स चालू असायच्या. एकटी टेस्ट चालवली की सुरुवातीला नवं लॉगिन व्हायचं, म्हणून ती पास.

मग हेल्परचे दोन भाग केले. ‘सामायिक लॉगिन’ जतन केलेलं सेशन देतं. ‘स्वतंत्र लॉगिन’ कोऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये खऱ्या फॉर्मवरून जातं आणि त्याचं सेशन कुणाच्या वाट्याला येत नाही. लॉगआउटची टेस्ट आणि खुद्द लॉगिन पानाच्या टेस्ट स्वतंत्रवर गेल्या. पासवर्ड बदलण्याच्या टेस्टला तेवढंही पुरत नव्हतं, कारण पासवर्ड बदलला की आमचं ॲप त्या खात्याची सगळी सेशन बंद करतं. तिला वेगळं खातंच दिलं.

त्याच ओघात आणखी एक गोष्ट उरकली. दोन वर्कर एकाच खात्याचा पत्ता एकाच वेळी बदलत होते. तिथे अजून काही पडलं नव्हतं, पण ते नुसतं नशीब होतं. आता वर्करच्या क्रमांकावरून खातं ठरतं: चार वर्कर, चार ग्राहक, चार फाइल्स.

संध्याकाळी सीआयवर ओळीने पाच रन लावले. प्रत्येक रिपोर्ट वेळेनुसार लावून आधी शेवटचं मिनिट पाहिलं. पाचही वेळा हिरवं.