मोहाखालचं गवत

"तुमच्या मोहाखाली इतकं हिरवंगार गवत, अन् आमच्या झाडाखाली नुसती माती. कोणतं बी टाकलं, भाऊ?" पावसाळ्यात धुऱ्यावर येणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो.

बी मी टाकलेलं नाही. ते आपणहून आलं, मी राहू दिलं. शास्त्रीय नाव ओप्लिस्मेनस बर्मानी. आमच्या नागभीडकडच्या गावात आम्ही त्याला नुसतं सावलीचं गवत म्हणतो.

वाकून एक पान हातात घ्या. बांबूच्या कोवळ्या पानाची आठवण येते, पण आखूड, आणि कडा लुगड्याच्या चुणीसारख्या लहरी. अंगावर मऊ लव. काडी आधी जमिनीवर सरपटते, पेराला ओली माती लागली की तिथंच मुळं सुटतात, शेंडा तेवढा वीतभर वर उठतो. पानं आडवी पसरलेली असतात. फांद्यांतून गळून जो काही उजेड खाली येतो, तो झेलायला.

आता हेच गवत उघड्या वावरात का दिसत नाही? ज्वारी, मका, ऊस, हरळी, कुसळी, मारवेल ही सगळी उन्हाची माणसं. त्यांच्या पानात हवेतला कर्बवायू आधी बांधला जातो आणि मग आतल्या पेशींकडे पोचवला जातो. या जास्तीच्या फेरीला जास्तीची ऊर्जा लागते, ती भर उन्हातच परवडते. मोहाखालचं हे गवत ती फेरी घेत नाही. त्याची रीत आपल्या धानासारखी, गव्हासारखी. कडक उन्हात या रीतीत नुकसान होतं, पण गार सावलीत थोडक्या उजेडावर तिचं भागतं. धानाला मात्र ऊन लागतंच, हे बांधीच्या कडेला झाड असलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणजे रीत एक असली तरी सावलीची सवय या गवताची स्वतःची आहे.

एका वर्षी मी ते तणनाशकानं मारलं. स्वच्छ दिसावं म्हणून. त्याच पावसाळ्यात पानांवरून ठिबकणाऱ्या मोठ्या थेंबांनी खालची माती उसळून वाहून गेली, आणि धान कापून सर्वा वेचायच्या वेळेपर्यंत मोहाच्या मुळ्या उघड्या पडल्या. हाताच्या शिरा दिसाव्यात तशा. टोपलीनं माती आणून झाकाव्या लागल्या. त्यानंतर फवारणीचा पंप त्या झाडाकडे नेलेला नाही.

दुसरी गोष्ट अजून सलते. धुऱ्याच्या टोकाचा जुना मोह तीन वर्षांपूर्वी वादळात पडला. पुढच्या मृगात गवत उगवलं खरं, पण चार दिवस पाऊस उघडताच पानं सुरळी होऊन पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी तिथं हरळी आणि गाजरगवत होतं. आता त्या जागी मोहाचं रोप लावलंय. ते गुडघ्याएवढं आहे, त्याच्याखाली गवत यायला माझं आयुष्य पुरेल की नाही सांगता येत नाही. तरी दर आषाढात तिथं जाऊन बसून पाहतो.

म्हणून तुमच्या झाडाचं सांगतो. निंदताना बुंध्याभोवतीचा घेर सोडा, गवताची मुळं वरवरची असल्यानं ते विळा लागताच उपटून येतं. मोहफुलं वेचायच्या वेळी खालचा पालापाचोळा पेटवू नका, झाडून एका बाजूला करा. गवत एक वर्षाचंच, उन्हाळ्यात त्याचं काहीच दिसत नाही. पण त्याचं बी त्याच मातीत पडलेलं असतं, आणि आग लागली तर वरवरचं जळून जातं. ढोरं अधूनमधून तोंड लावतात, त्याची फिकीर नको. सावलीत भिरभिरणारी तपकिरी फुलपाखरंही गवतावरच अंडी घालतात, पानं थोडी कुरतडलेली दिसली तर औषध शोधू नका.

आणि बी हवंच असेल तर दसऱ्याच्या सुमारास या. पोळा झाला की बारीक तुरे येतात, मग दाणे भरतात. दाण्याला खरखरीत कुसळं असतात, ढोरांच्या शेपटीला, धोतराला धरून बसतात. मोहाखालून दोन फेऱ्या मारा आणि घरी जाऊन पायजमा तुमच्या झाडाखाली झटका.