तार दिसत नाही, खांब दिसतो

कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात एप्रिलअखेर भाताची पेरणी सुरू होते, आणि ती बहुतांशी विमानातून होते. कोकणात रहू पद्धतीने, म्हणजे मोड आणलेले भाताचे बी, पेरण्याआधी ते भिजवतात, तसेच येथेही बी भिजवून, निथळवून पाणी भरलेल्या खाचरांत वरून टाकतात. पहिल्या वर्षी मी बांधावर उभी राहून हे सारे केवळ कौतुकाने पाहिले. पुढे आमच्या शेजारी राहणाऱ्या, अनेक वर्षे हेच काम केलेल्या वैमानिकांशी बोलणे झाले, तेव्हापासून विमान खाली उतरू लागले की माझी नजर आधी विजेच्या खांबांकडे जाते.

फवारणीच्या वेळी विमान पिकावरून जेमतेम 3 मीटर उंचीने आणि ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला 55 मीटर. या वेगात तार दिसत नाही. उन्हाची तिरीप बदलली की बांधावरून मला दिसणारी तारसुद्धा नाहीशी होते. म्हणून वैमानिक खांब शोधतात, त्यांवरच्या आडव्या दांड्या कोणत्या दिशेला आहेत आणि एखादी तार मध्येच पंपाकडे वळली आहे का, हे पाहतात. शेजारी म्हणाले, "ठाऊक असलेल्या तारेचीच जास्त भीती. दहा फेऱ्या तिला चुकवलेले असते, अकराव्या फेरीला लक्ष वाऱ्याकडे असते." शेताच्या टोकाला भरलेल्या टाकीनिशी विमान उचलून वळवतानाही तितकाच धोका असतो, कारण वेग घटून विमान कोसळू लागले तर सावरायला खाली उंचीच नसते.

तार निदान वर्षानुवर्षे जागेवर असते. वारा मोजण्याचे बारीक पोलादी मनोरे मात्र बघता बघता उभे राहतात. 200 फुटांहून कमी उंचीच्या मनोऱ्यांना रंग किंवा दिवा बंधनकारक नव्हता, आणि बरेच मनोरे या मर्यादेच्या किंचित खालीच ठेवले जात. जानेवारी 2011 मध्ये येथून दक्षिणेला, ओकलीजवळच्या वेब ट्रॅक्ट बेटावर, अशाच एका मनोऱ्यावर शेतीचे विमान आदळून वैमानिकाचा मृत्यू झाला. ग्रामीण भागातील 50 ते 200 फुटांच्या अशा मनोऱ्यांवर खुणा करण्याची तरतूद अमेरिकी संसदेने केली ती 2016 साली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांसाठी एवढा काळ का लागावा, याचे मला अजूनही दुःख होते.

शेजारी आता उडत नाहीत, पण पेरणीच्या आदल्या संध्याकाळी तरुण वैमानिकाला गाडीत घेऊन शेताभोवती फिरतात आणि प्रत्येक खांबापाशी गाडी थांबवतात.