चाला, पण जरा बेतानं!

जाड माणसाला ‘चालत जा’ हा सल्ला फुकट देणारे रिक्षावाल्यापासून नणंदेपर्यंत सगळेच भेटतात. म्हणून स्लीव्हच्या, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठर कापून लहान करण्याच्या ऑपरेशनआधी सर्जननी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं तेव्हा मी वैतागूनच गेले. वजन १०९ किलो, उंची १६२ सेंटिमीटर, गुडघे कुरकुरणारे.

बाई मात्र शहाणी निघाली. दहा हजार पावलांचं नावच नाही. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्याच वेगानं. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. आणि ते तीन बॉलचं श्वासाचं खेळणं, श्वास आत ओढून बॉल वर उचलायचे. पार्किंगमध्ये मी फेऱ्या मारायचे, वॉचमनकाका मोजायचे. “ताई, आज सातच?”

तपासण्या पटापट झाल्या. अडलं ते मेडिक्लेमपाशी. नियम असा की बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) ४० हवा. ३५ चालतो, पण सोबत अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काहीतरी लागतं. माझी शुगर गोळ्यांनी आटोक्यात, म्हणजे पथ्य पाळल्याचीच शिक्षा! शिवाय आधीच्या साध्या उपायांनी वजन उतरलं नाही, हे सिद्ध करायचं. पहिली क्वेरी आली: ‘प्रयत्नांची कागदपत्रे जोडा.’ अहो, वीस वर्षं उपाशी राहिल्याची पावती कोण देतं? हाताशी होतं ते जोडून पाठवलं, तर दुसरी क्वेरी, शब्दन् शब्द तीच. फोन केला की आधी गाणं, मग ‘प्रोसेसमध्ये आहे’.

इकडे चालून वजन १०६ वर आलेलं. माझ्या उंचीला ४० चा बीएमआय म्हणजे १०५ किलो. एका किलोवर माझा क्लेम लटकतोय असं डोक्यात बसलं आणि मी आठ दिवस चालणं बंद केलं. चक्क! फिजिओला कळल्यावर ती म्हणाली, “भूल दिल्यावर फुप्फुसं तुमची असणार आहेत, कंपनीची नाहीत.” लाज वाटली. त्याच संध्याकाळी खाली उतरले.

शेवटी सर्जननी पत्र दिलं, त्यात पहिल्या भेटीचं वजन. म्हणून पहिल्याच ओपीडीत उंची-वजन कागदावर तारखेसह, सही-शिक्क्यासकट मागून घ्या. कपाटात साडीखाली आहारतज्ज्ञांचे जुने तक्ते आणि जिमच्या दोन पावत्या सापडल्या. एकीवर चहाचा डाग. तरी चालली. मंजुरी एकोणिसाव्या दिवशी.

नंतरचे दोन आठवडे पातळ खाण्याचे, यकृत आक्रसावं म्हणून. त्या दिवसांत फेऱ्या कमी केल्या तरी चालतात, चक्कर येते. ऑपरेशनच्या संध्याकाळीच सिस्टरनं सलाईनचा स्टँड हातात देऊन कॉरिडॉरमध्ये चालवलं. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. खुर्चीतून उठण्याचा सराव तिथे पलंगावरून उठताना कामी आला.

आणि हो, मांड्या घासून सोलवटतात, ते कुणी सांगत नाही. आत सायकलिंगची लांब चड्डी घाला. मी पहिले पंधरा दिवस खोबरेल तेलावर काढले आणि दोन सलवारी वाया घालवल्या.