चौकटीवरच्या तीन रेघा

रविवार, रात्री साडेदहा

आज सांगलीच्या गावभागातलं आमचं घर विकायला दुसऱ्यांदा दाखवलं. मागच्या रविवारची पार्टी पाच मिनिटांत निघून गेली होती, आजचे मास्तर आणि त्यांच्या मिसेस चांगले दीड तास होते.

गेले तीन आठवडे ऑफिस सुटलं की विश्रामबागहून स्कूटी काढून रोज तिकडं जातेय. नुसता माळा रिकामा करायला चार दिवस गेले. गोधड्या, तांब्याचा बंब, दोन ट्रंका, आणि नानांच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाच्या वह्या, बारदानात गुंडाळून ठेवलेल्या, उघडल्या तर कागदाला अजून हळदीचा वास. त्या मी घरी आणल्या. पितळेची भांडी मोडीत घालायला मन होईना, आईला विचारून वाटून घेतली. खालच्या भिंतींना ओल आहे, पापुद्रे सुटलेत, ते खरवडून पुट्टी भरून घेतली.

एजंटकाका व्यवहाराला स्वच्छ आहेत, हे मनापासून लिहितेय. पहिल्याच दिवशी त्यांनी घर बघायच्या आधी प्रॉपर्टी कार्ड मागितलं, त्यावर अजून नानांचंच नाव, तर म्हणाले ताई आधी वारस नोंद लावा, तिघांची नावं चढू देत, मग गिऱ्हाईक आणतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून घ्यायला लावली, वकिलांकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेचे जुने व्यवहार आणि बोजे तपासल्याचा कागद, काढायला लावला. सीएंनी सांगितलं की घर 2001 च्या आधीचं आहे तर 1 एप्रिल 2001 ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून घ्या, टॅक्सला ती खरेदीची किंमत म्हणून धरता येते. दलाली दोन टक्के म्हणत होते, दीडवर ठरली. मागची पार्टी निम्मे पैसे रोख देतो म्हणत होती, तर काकांनीच सांगितलं की जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्या वर रोख घ्यायची नाही, नंतर ताईंना त्रास होतो.

पण काल काका माजघराच्या चौकटीपाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, हिला ऑइलपेंटचा एक हात मारून घ्या. उद्याची पार्टी जत साइडची आहे, दुष्काळी भागातली, त्यांनी पाणी बघितलंय ते टँकरचं."

त्या चौकटीवर नानांनी खिळ्यानं पुराच्या पाण्याच्या तीन रेघा कोरल्यात. कमरेएवढी 2005 ची, तिच्यावर वीतभर 2021 ची, आणि माझ्या डोक्याच्याही वर 2019 ची. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा गाळ घोट्याच्या वर होता, कपाटाची दारं फुगून बसलेली, नानांनी पहारीनं उचकटली, आणि कडधान्याचे डबे उघडले तर मटकीला मोड आलेले, लांब लांब, पांढरे. आई तो डबा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी होती. हे सगळं रंगाखाली घालून मी दुसऱ्या एका बाईला स्वयंपाकघर दाखवायचं?

दादाला पुण्याला फोन लावला तर तो म्हणाला विचारलं तर सांग, आपणहून कशाला, किंमत पडेल. त्याचंही बरोबर आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. मी त्याला म्हटलं दादा, पडू दे थोडी, पण मला हे जमणार नाही. तो गप्प बसला, मग म्हणाला बरं, तू तिथं आहेस, तू बघ. रात्री झोप नाही लागली.

आज मास्तर आल्या आल्या त्यांना आधी चौकटीकडंच नेलं. एकेक रेघ दाखवली, साल सांगितलं. ते हात वर करून वरच्या रेघेपर्यंत पोचले आणि तसेच थांबले. त्यांच्या मिसेसनी विचारलं, "मग सामान कुठं न्यायचं ताई?" त्या एका प्रश्नावर मी पाऊण तास बोलले असेन, माडी दाखवली, जिना दाखवला, शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं. काका बाहेर ओट्यावर बसून होते. निघताना हळूच म्हणाले, "किमतीत मागतील बघा." म्हटलं मागू देत काका, वाजवी असेल तर देऊ.

मास्तरांनी कळवतो सांगितलंय. घेतील की नाही माहीत नाही. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला, किमतीबद्दल काहीच नाही, म्हणाले सकाळी बोललात ते जरा कागदावर लिहून द्याल का. आत्ता तेच लिहीत बसलेय. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की रोज पुलाची पातळी बघायची. सूर्यवंशी प्लॉटात पाणी आधी शिरतं, तिथली माणसं बाहेर पडायला लागली की गाडी विश्रामबागला नेऊन लावायची. 40 फूट ही इशारा पातळी, तेव्हा धान्य, कागदपत्रं आणि गाद्या माडीवर न्यायच्या. 45 फूट म्हणजे धोका पातळी, तोपर्यंत म्हातारी माणसं घरात ठेवायची नाहीत, लाइटचं मेन स्विच बंद, सिलेंडर साखळीनं खिडकीच्या गजाला बांधायचा. आणि फ्रिज शेवटी ठेवायचा नाही, चार माणसं हाताशी आहेत तोवरच हलवायचा, कारण जिन्याला मध्ये वळण आहे, तिथं तो उभा जात नाही, आडवा करून वरून दोरीनं ओढावा लागतो.