अर्धीच सांगितलेली गोष्ट

'इतिहासाच्या माणसाने पुढाऱ्यांची भाषणं लिहून द्यावीत का हो?' हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी उत्सुकता असते, थोडा टोमणा. मी तसली भाषणं लिहिली आहेत हे त्यांना माहीत असतं ना! दर वेळी मी अमेरिकन इतिहासकार आर्थर श्लेसिंजरचं नाव पुढे करतो आणि त्याची गोष्ट सोयीच्या ठिकाणी थांबवतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज पुढचीही सांगतो.

श्लेसिंजरचा जन्म १९१७ सालचा, ओहायोतल्या कोलंबसचा. वडील मोठे इतिहासकार, पुढे हार्वर्डला प्राध्यापक. मुलाने पोरवयातच स्वतःचं मधलं नाव टाकून वडिलांचं घेतलं आणि नावामागे 'ज्युनियर' कायमचं चिकटलं. पीएच.डी. त्याने कधी केलीच नाही. तरी एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळावरच्या त्याच्या पुस्तकाला १९४६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मग हार्वर्डची नोकरी. इथपर्यंत सगळं सरळ.

१९५२ साली इलिनॉयचे गव्हर्नर अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि श्लेसिंजर इलिनॉयच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, त्यांची भाषणं लिहायला जाऊन बसला. एल्क्स क्लबच्या इमारतीत लिहिणाऱ्यांचा अड्डा होता, अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथही त्यात. स्टीव्हन्सन स्वतः उत्तम लिहिणारे. म्हणजे लेखनिकाच्या डोक्याला तापच! दिलेल्या मसुद्यावर ते शेवटच्या घटकेपर्यंत खाडाखोड करत. ५२ ला रिपब्लिकन पक्षाच्या आयझेनहॉवर यांच्याकडून हरले, ५६ ला पुन्हा त्यांच्याकडूनच.

माझं मत विचाराल तर इतिहासकाराला याच्यासारखी दुसरी शाळा नाही. आम्हा लोकांना 'तथापि', 'बहुधा', 'काही अंशी' यांची इतकी सवय असते की वाक्य संपेपर्यंत कर्ता कोण होता हेच विसरायला होतं. व्यासपीठावर असलं वाक्य टिकत नाही. तिथे कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे, आणि ते एका श्वासात म्हणता आलं पाहिजे. तोही दुसऱ्याच्या श्वासात. श्लेसिंजरच्या गद्याचा वेग मला याच तालमीतला वाटतो. शिवाय निर्णय कागदावर कसे दिसतात आणि रात्री दोन वाजता, झोप न झालेल्या माणसांकडून प्रत्यक्षात कसे घेतले जातात, यातलं अंतर दप्तरखान्यात बसून कळत नाही.

१९६० साली तो डेमोक्रॅटिक पक्षाच्याच जॉन केनेडींकडे गेला. बायको मॅरियन मात्र स्टीव्हन्सन यांच्याच बाजूची राहिली. केनेडी निवडून आले आणि श्लेसिंजर व्हाइट हाउसमध्ये विशेष सहायक झाला. खोली ईस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या कचेरीपासून इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. गाजलेली भाषणं मुख्यतः केनेडींचा जुना सहायक टेड सोरेन्सन याच्या हातची. श्लेसिंजरकडे लॅटिन अमेरिका, टिपणं, अधूनमधून एखादा मसुदा.

मी एरवी इथे थांबतो.

एप्रिल १९६१. फिडेल कॅस्ट्रोचं सरकार उलथवायला निर्वासित क्यूबन लोकांची फौज क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवायची, असा सी.आय.ए. या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा बेत. श्लेसिंजरला तो पटला नव्हता आणि तसं त्याने केनेडींना लेखी कळवलंही होतं. पण बैठकीत सेनापती आणि मंत्री बसलेले असताना सिनेटर फुलब्राइट उघड विरोधात बोलले आणि हा गप्प राहिला. त्याहून वाईट त्याचं १० एप्रिलचं टिपण. त्यात त्याने सुचवलं की खोटं बोलावंच लागलं तर ते खालच्या अधिकाऱ्यांनी बोलावं, अध्यक्षांनी नव्हे. आठवड्याने सुमारे १,४०० माणसं क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज या उपसागरात उतरली, तीन दिवसांत मोहीम कोसळली आणि अकराशेवर लोक कैद झाले. त्या दिवसांत एका वर्तमानपत्राला ही फौज दोन-तीनशेचीच असल्याचं सांगणारा खालचा अधिकारी म्हणजे स्वतः श्लेसिंजर.

केनेडींची हत्या झाली, उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाले, श्लेसिंजरने १९६४ मध्ये राजीनामा दिला आणि वर्षभरात केनेडींच्या कारकिर्दीवर हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. त्यालाही पुलित्झर. लोक त्याला दरबारी इतिहासकार म्हणाले. आपल्याकडे बखरकार म्हणाले असते. ग्रंथात भक्ती आहेच, नाही कोण म्हणतं? पण बैठकीत गप्प बसल्याचा दोष त्याने स्वतःच्या पदरात घातलाय तोही तिथेच, आणि फौजेचा खरा आकडाही तिथेच. मग त्या वर्तमानपत्राने विचारलं, तुम्ही तर आम्हाला वेगळंच सांगितलं होतंत! त्यावर तो सरळ म्हणाला, तेव्हा मी खोटं बोललो होतो. ही कबुली मला आवडते. ती देताना तो फारसा ओशाळलेला दिसत नाही, ते मात्र आवडत नाही. पुढे १९७३ मध्ये अध्यक्षांच्या हाती युद्धाचा अधिकार कसा साठत गेला यावर त्याने पुस्तक लिहिलं. रोख तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्यावर असला तरी डेमोक्रॅटिक अध्यक्षही त्यातून सुटलेले नाहीत. २००७ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो गेला.

आता माझं. एका पुढाऱ्यासाठी मी धरणाच्या वर्धापनदिनाचं भाषण लिहिलं होतं. धरण दोन सरकारांच्या काळात पुरं झालं होतं आणि मसुद्यात मी दोन्हींचा उल्लेख केला होता. आदल्या रात्री त्यांच्या माणसाचा फोन आला, 'सर, ते आधीच्या सरकारचं वाक्य काढलंय, चालेल ना?' मी म्हटलं, भाषण साहेबांचं आहे. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत होतो. वाक्य जिथे असायला हवं होतं तिथून साहेब न अडखळता पुढे गेले आणि मंडपात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.