साक्रीचा शिराझ आणि मार्चचं ऊन

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरजवळ, शिराझ या वाइनच्या द्राक्षाच्या एका बागेत, रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 22 ब्रिक्स (साधारण 22 टक्के साखर) दिसलं. बागमालक नाना खूश झाले. "भाऊ, माल गोड व्हयी गया!" मी वायनरीचा शेतविभाग बघतो, त्यामुळे माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे होतं. आधीच्या नमुन्यात रसाचा पीएच 3.3 होता, तो आता 3.5 झाला होता; हा आकडा चढतो तसा रसाचा आंबटपणा उतरतो. मणी फोडून बी चावली तर हिरवट आणि कडवट. घडांच्या आत काही मणी अजून लालसरच होते. म्हणजे साखर पुढे धावत होती, रंग आणि बी मागे राहिली होती आणि आम्ल झपाट्याने उतरत होतं.

हा शिराझ लाल वाइनसाठी लावलेला. लाल वाइनला आम्हाला 24 ब्रिक्सच्या पुढचा माल लागतो. नानांचं म्हणणं सरळ होतं, आणखी दहा-बारा दिवस थांबू. पण दुपारी पारा 36 वर जात होता आणि पुढे तो चढतच जाणार होता. उन्हात लटकलेला घड हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी जास्त तापतो. एवढ्या उष्णतेत मण्यातलं मॅलिक आम्ल (द्राक्षाच्या दोन मुख्य आम्लांपैकी एक) श्वसनातच जळून जातं आणि सालीत रंग भरणं मंदावतं. दहा दिवसांनी ब्रिक्स नक्की 25 दाखवला असता, पण त्यातला बराच भाग मणी सुकल्यामुळे आला असता, आणि पीएच 3.9 च्या घरात गेला असता. तिथे वाइन टिकवणंही कठीण होतं. वाइन बिघडू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात; 3.3 पीएचला त्याची जी मात्रा पुरते, तिच्या जवळपास चौपट 3.9 ला लागते.

हे सगळं मुळात ऑक्टोबरमध्ये घडलं होतं. परतीचा पाऊस थांबेना, म्हणून नानांची गोडी छाटणी (माल धरण्यासाठीची छाटणी) लांबली आणि माल पिकायची वेळ थेट मार्चच्या उन्हात आली. उष्ण प्रदेशातल्या वाइनबद्दल बोलताना लोक स्पेनचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नाव घेतात, तेव्हा ही गोष्ट हमखास सुटते. तिथली वेल थंडीत झोपते, उन्हाळ्यात माल धरते आणि पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात हवा हळूहळू निवत जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि माल पिकतो तो वाढत्या उन्हात. स्पेनमधल्या हुमिया भागात मोनास्त्रेल ही जात पाऊस जेमतेम असतानाही उत्तम लाल वाइन देते. म्हणून ती खानदेशात लावा, असा सल्ला मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. मोनास्त्रेल उशिरा पिकते. तिथे उशीर म्हणजे गारवा, इथे उशीर म्हणजे एप्रिल.

दुपारी बांधावरूनच वाइनमेकर मॅडमना फोन लावला. आकडे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लालचा नाद सोडू. आज रात्री काढा, मी रोझे करते." मला मनापासून हायसं वाटलं. रोझे म्हणजे फिकट गुलाबी वाइन; तिला सालीतला गडद रंग नको असतो, बियांचा अर्क नको असतो. हवा असतो ताज्या फळांचा स्वाद आणि आम्लाची धार. 22 ब्रिक्सला साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं, ते रोझेला पुरेसं.

पण नानांच्या करारात दर ब्रिक्सवर होता, 23 च्या खाली कपात. माल लवकर काढायचा निर्णय आमचा, मग कपात त्यांनी का सोसायची? मी ऑफिसला स्पष्ट सांगितलं की पूर्ण दराची लेखी संमती आल्याशिवाय एकही क्रेट भरणार नाही. संध्याकाळी मेल आला. नानांच्या मुलाने तो मोबाइलवर वाचून दाखवला, मगच मुकादमाला निरोप गेला.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची होती, त्यामुळे नाना तसेही जागेच असायचे. दोन वाजता टोळी आली, डोक्याला टॉर्च बांधून. बायांचा हात सपासप चालत होता. फक्त सुकलेले घड बाजूला टाकायला मी ओळींमधून फिरत राहिलो. पहाटे क्रेटमधल्या मालात थर्मामीटर खुपसला तर 18 अंश. हाच माल दुपारी काढला असता तर वायनरीत पोचेपर्यंत क्रेटमध्येच फसफसायला लागला असता. सहा वाजता नानींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला, आणि उन्हं वर यायच्या आत गाडी ताहाराबाद-सटाणा रस्त्याला लागली.

माल थेट प्रेसमध्ये गेला. रस फिकट गुलाबी उतरला. थोडं टार्टारिक आम्ल (द्राक्षातलंच दुसरं मुख्य आम्ल) घालावं लागलं, उष्ण प्रदेशात ते रूढच आहे, आणि मग टाकी थंड ठेवून सावकाश किण्वन केलं. स्ट्रॉबेरीसारखा वास आणि चवीला तरतरीत. या रानात लालचा हट्ट धरण्यापेक्षा रोझे आणि उष्णतेतही आम्ल धरून ठेवणारी शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाइनची जात, या दोनच गोष्टी जीव लावून कराव्यात, असं माझं मत त्या टाकीपाशी पक्कं झालं.

एप्रिलच्या छाटणीला पुन्हा गेलो तेव्हा नानांनी विचारलं, "आते काय करानं?" शेजारी बागलाणात अर्ली छाटणी करणारे आहेत, ते त्यांना माहीत होतं. पण पावसात फूट निघाली की डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि फवारणीचा खर्च वाढतो. बराच वेळ हिशेब करून ठरलं: शिराझच्या निम्म्या ओळी सप्टेंबरमध्येच छाटायच्या, आधी मुरमाड चढावरच्या, कारण तिथे पाणी साचत नाही. काळ्या जमिनीतल्या ओळी पाऊस पूर्ण उघडल्यावर, आणि त्यांचा माल सुरुवातीपासूनच रोझेचा, दर करारात आधीच लिहून.